देवाचं म्हणा

आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी अर्पण गोळा होण्याआधी पाळकसाहेब विचारायचे, "कोणाची उपकारस्तुती?" मग बाकांवरून एकेक जण उठे. कोणाची म्हैस सुखरूप व्याली, कोणाची बदली रद्द झाली, कोणाचा ताप उतरला. एकदा एका म्हाताऱ्याने मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरचे आभार मानले, तर पुढच्या बाकावरचे वडीलधारे पंच मागे न वळताच म्हणाले, "देवाचं म्हणा." म्हातारा गोंधळला, देवाचं म्हणाला आणि बसला. उपकारस्तुतीत माणसाला श्रेय द्यायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. मला तो पटायचा. खरं सांगायचं तर, सोयीचा होता.

आई लवकर गेली. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास बाबांचं अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा घरात आम्ही दोघीच बहिणी. मोठी नववीत, मी आठवीत. एकीने घरी राहायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, ती राहिली. तिला कोणी विचारलं नाही. मी शिकत गेले, पुढे नागपूरला वसतिगृहात राहून डी.एड. केलं. सुट्टीत वरठी स्टेशनला गाडीतून उतरून घरी यायची, तर बाबांचं अंग स्वच्छ, पाठीवर एक जखम नाही. बहिणीच्या हातांची मात्र सालं निघालेली. मी दोन दिवस बाबांना बायबल वाचून दाखवायची आणि परत जायची.

बाबा गेले. मला मिशनच्या शाळेत नोकरी लागली, आणि त्याच वर्षी बहिणीने आसगावच्या एका धानाच्या शेतकऱ्याशी लग्न केलं. तो ख्रिस्ती नव्हता, लग्न त्यांच्या पद्धतीने झालं. मंडळीच्या यादीतून तिचं नाव कमी झालं. शाळेच्या कमिटीत आणि मंडळीच्या पंचांत तीच चार माणसं होती. मी नवी, अजून कायम न झालेली. तिचा विषय मी काढेनाशी झाले.

उपकारस्तुती मात्र चुकवली नाही. देवाने मला शिक्षण दिलं, नोकरी दिली, असं उभी राहून सांगायची. खोलीवर एकटी जेवायला बसले की त्या दिवसाबद्दलही आभार मानायची. माठातलं गार पाणी, एखाद्या पोरीला जमलेला भागाकार, घरमालकिणीने दिलेली भाजी. इतकी बारीकसारीक यादी, पण बहीण त्यात कधी आली नाही.

सुगीच्या उपकारस्तुतीला सगळे नवं धान्य आणत. एका वर्षी ती आली, टोपलीत नवा तांदूळ घेऊन. आवारात मला पाहून हसली. "बारके, जाडी झालीस व. खुर्चीवर बसूनच शिकवतेस का काय?" मीही हसले. मग टोपली कमरेवर सावरत ती म्हणाली, "आज उभी राह्यशील त बाबाचं सांगजो. माह्यं नाव नोको घेऊ. निस्तं येवढं म्हण, का पोरीनं केलं त्याचं."

मी हो म्हटलं.

ती दाराजवळ, चपलांपाशी बसली. माझी पाळी आली. समोर त्याच वडीलधाऱ्या पंचांचं डोकं होतं. मी म्हणाले, "वडिलांच्या आजारपणात देवाने आमच्या घराला सांभाळलं." सगळे आमेन म्हणाले. तिचा तांदूळ इतरांच्या तांदळात ओतला गेला. तो कोणी नाकारला नाही.

नंतर फाटकाशी भेटली तेव्हा ती रागावली नव्हती. "देव त होताच व," ती म्हणाली, "पण बाबाची कूस देव बदलवे का?"

त्यानंतर ती आली नाही. मीही गेले नाही. तिच्या गावाला जाणारी पवनीकडची एस.टी. रोज शाळेसमोरून जायची.

मी कायम झाले, ते पंच वारले, तरी आणखी दोन-तीन वर्षं गेली. मग उन्हाळ्यातल्या एका रविवारी, बाकं अर्धी रिकामी असताना, मी उठले. माझ्या मोठ्या बहिणीने वडिलांची सेवा केली, म्हणून मी शिकले, एवढं बोलले. लोक आमेन म्हणाले. माझ्यानंतर एकजण उठला. त्याची हरवलेली बकरी सापडली होती. त्यालाही आमेन. एवढ्यालाच मी इतकी वर्षं भ्यायले होते.

पुढच्या आठवड्यात आसगावला गेले. ती अंगणात सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत होती. पाणी दिलं, बस म्हणाली. मी त्या रविवारचं सगळं सांगितलं. तिने विचारलं, कोण कोण होतं तिथे? मी नावं घेऊ लागले. तिच्या ओळखीचं त्यात कोणी फारसं उरलं नव्हतं. तिने एक खडा काढून बाजूला फेकला.

"मी त नव्हती ना तिथं," ती म्हणाली.

आता तर ती समोरच होती. मी तोंड उघडलं. उपकार, स्तुती, कृतज्ञता, सगळे शब्द आले, पण ते वर पाहून म्हणायचे शब्द होते. हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला काय म्हणतात, ते मला कधी लागलंच नव्हतं. रोज आभार मानणारी मी, कोणाच्या डोळ्यांत पाहून कधी "तू केलंस" म्हटलं नव्हतं.

मी सूप माझ्याकडे ओढलं आणि खडे काढायला लागले. तिने ओढू दिलं. परतीच्या एस.टी.ची वेळ होईपर्यंत दोघी एकाच सुपातली डाळ निवडत राहिलो.