नकाशावरची काळी वाट

जुने कागद दुरुस्त करणं हा माझा धंदा. कर्वेनगरच्या घराची पुढची खोली त्यालाच दिलेली आहे. पोथ्या, पत्रिका, वाटणीचे कागद, लोक काहीही घेऊन येतात आणि मी त्यांना आधी चार शब्द सुनावते, "ही चिकटपट्टी कुणी लावली?" म्हणून. माझा दरारा आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो.

मागच्या महिन्यात एक वृद्ध बाई आल्या. मुलाने त्यांना खाली रिक्षातून सोडलं होतं. हातात कापडात गुंडाळलेला छापील नकाशा, शंभरेक वर्षांचा तरी असेल. अरबस्तान, मक्का, मदिना, पैगंबरांच्या काळातले रस्ते. लिपी अरबी, भाषा मात्र तुर्की. त्यांच्या सासऱ्यांनी तो जुन्या बाजारातून आणला होता.

"तुर्की घरात कुणालाच येत नाही," त्या हसत म्हणाल्या. "पण गावांची नावं तीच ना! घडीवर फाटलाय ताई, तेवढा जोडून द्या."

तेवढाच जोडायचा होता.

नकाशा देखणा होता. फक्त मक्केपासून मदिनेपर्यंत बोटभर रुंदीचा एक काळपट पट्टा होता, हातांच्या मळाचा. घडी जोडून झाली तरी तो पट्टा माझ्या डोळ्यांत खुपत राहिला. आई म्हणायची, हात फिरे तिथे लक्ष्मी शिरे. मी खोडरबराचा चुरा पसरला आणि सगळी दुपार त्यावरून हलके हलके बोटं फिरवली. खालून बारीक, सुबक अक्षरं वर आली तेव्हा स्वतःवरच खूश होऊन आल्याचा चहा करून प्यायले.

त्या न्यायला आल्या. मी नकाशा टेबलावर पसरला आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बोट टेकवलं आणि ते बोट नुसतंच फिरत राहिलं. समुद्रात गेलं, परत आलं.

"ताई, इथे एक काळी वाट होती."

"मळ होता, आजी. काढला मी."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मग सांगितलं. पैगंबर मक्का सोडून मदिनेला कसे गेले, ती गोष्ट पोरांना सांगताना त्यांचे सासरे नकाशावरून बोट न्यायचे. सासऱ्यांनंतर त्यांचे मिस्टर. "आता नातवंडांना मी सांगते. अक्षरं येतात मला, पण हल्ली दिसत नाहीत. ती वाट तेवढी दिसायची."

"आजी, हे काढू का?" एवढं फोन करून विचारायचं होतं, तेही मला सुचलं नव्हतं. फार लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटते आहे. चिकटपट्टी निदान सोडवता तरी येते.

मी त्यांचं बोट धरून मक्केवर ठेवलं आणि हळूहळू वर, मदिनेपर्यंत नेलं. "रोज असंच न्या, आजी," मी म्हणाले. "पुन्हा होईल वाट."

त्यांनी दचकून बोट मागे घेतलं.

"नको, नको! एवढा स्वच्छ केलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "थांबा, आधी हात धुऊन येते. नळ कुठे आहे?"