शिकेल तो वजा

युफेमिया बारागान बाईंची खोली आमच्या शाळेच्या अगदी मागे, बदामाच्या बागेला लागून होती. हंगामात बदाम पाडायला झाडं हलवणारी यंत्रं सुरू झाली की खोलीत धूळ भरायची. बाई दार लावायच्या, घोटभर पाणी प्यायच्या आणि पुढचं वाक्य फळ्यावर लिहायच्या. परमुलखातून नुकतीच आलेली, इंग्रजीचा गंध नसलेली सहावी ते आठवीची मुलं त्यांच्याकडे बसत.

मी सान आलेहो शहराच्या याच मिडल स्कूलमध्ये जमाखर्च पाहतो. वाणिज्य शिकलो, इथे चिकटलो, आता पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होईन.

सरकार दरवर्षी प्रत्येक शाळेचं एक चित्र प्रसिद्ध करतं. किती मुलं गरीब घरांतली, किती स्पॅनिश बोलणारी, किती आशियातल्या डोंगराळ मुलखातून आलेली हमोंग, किती जण अजून इंग्रजी शिकताहेत. मग भाषा आणि गणितात कुठल्या गटाची काय गत. प्रत्येक गटाला एक रंग. बाईंचा, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांचा गट कायम लाल, सगळ्यांत तळाचा. घर विकत घेणारे लोक ते चित्र पाहतात आणि पलीकडच्या गावात घर घेतात.

आता त्या लाल रंगाची गंमत सांगतो. मुलाला इंग्रजी पुरेसं आलं की बाई सही करतात आणि ते मूल गटातून बाहेर पडतं. त्याचे गुणही त्याच्याबरोबर जातात. मागे राहतात ती काल-परवा आलेली. म्हणजे विकला गेलेला माल वहीतून काढून टाकायचा, आणि उरलेला माल पाहून दुकान तोट्यात आहे म्हणायचं. मी एकदा बाईंना हे सांगितलं. मला त्या मानाने 'डॉन' म्हणतात.

"मग करा दुकान बंद, डॉन रामिरो," त्या म्हणाल्या. "मला जरा पाय पसरून बसता येईल."

गेल्या फेब्रुवारीत खरंच ती वेळ आली. जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीने कळवलं, मे महिन्याच्या परीक्षेत गट लालातून वर आला नाही तर खोलीचा पैसा बंद. मुलं साध्या वर्गांत बसवा.

मी त्या दिवशी कागदाच्या मागणीवर बाईंची सही घ्यायला गेलो होतो. तेवढ्यात प्रिन्सिपल माई थाओ आल्या. त्या हमोंग, लहानपणी याच खोलीत इंग्रजी शिकलेल्या. चारचौघांत दोघी एकमेकींना अहो-जाहो करत. पण माझ्यासमोर बाई संकोचत नसत.

"मिस, यारेलीच्या कागदावर सही केलीत?" माईंनी विचारलं.

"आज करणार."

"जूनमध्ये करा. ती आणि तिच्याबरोबरचे ते चौघं. पाच जण गटात राहिले तर रंग बदलतो. नियमाबाहेर काही नाही, सही कधी करायची हे तुमच्या हातात आहे."

"आणि बँडची नावं कधी घेतात?"

"मार्चमध्ये," माई हळूच म्हणाल्या.

गटातल्या मुलांना इंग्रजीचे दोन तास असतात. बाकीची मुलं त्यातल्या एका तासाला गाणं, चित्रं, बँड असलं काही निवडतात. यारेली सातवीत होती. मार्च हुकला की आठवीतही बँड नाही, आणि मग शाळाच संपली. तिचं घर ओआहाकाच्या डोंगरातलं. तिथे गावोगावी आपला बँड असतो, जत्रेला तोच आणि मयतीलाही तोच. आजोबा ट्युबा वाजवायचे, ते पितळेचं अजस्र तोंडाचं वाद्य. घरी मिश्तेक, वाटेत शिकलेली स्पॅनिश आणि इथे इंग्रजी, असं तीन भाषांचं ओझं घेऊन ही पोर जेवणाच्या सुट्टीत बँडच्या खिडकीशी उभी राहायची.

"त्या ट्युब्यात दोन यारेली मावतील," बाई म्हणाल्या.

"मिस, थट्टा नको. एका मुलीच्या बाजासाठी पुढे येणाऱ्या सगळ्यांची खोली घालवायची?"

बाईंनी यारेलीचा कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाल्या, "माई, तू इथून बाहेर कधी पडलीस गं?"

"सातवीत. हिवाळ्यात."

"तेव्हाही आपला गट तळालाच होता. आणि तेव्हाही मला थांबा म्हणणारं कोणीतरी होतंच."

माईंचा चेहरा उतरला. "हे आज सांगायलाच हवं होतं का?"

"नको होतं. दमलेय गं, निघून गेलं तोंडातून."

माई गेल्या. बाईंनी पेन झटकलं, पुन्हा झटकलं. "तुमचं द्या, डॉन रामिरो. माझं आटलं."

"बाई, खोली जाईल."

"जाईल."

पाचही कागदांवर सह्या झाल्या.

खोली गेलीच. सुट्टीनंतर तिथे मोडक्या खुर्च्या येऊन पडल्या. बाईंना सकाळी आमची शाळा आणि दुपारी शहरापलीकडची दुसरी, अशी वाटून दिली. पुस्तकं गाडीच्या मागच्या सीटवर. सप्टेंबरमध्ये ग्वातेमालाहून दोन बहिणी आल्या. साध्या वर्गात मागच्या बाकावर बसायच्या, घंटा झाली की सगळे उठले म्हणून उठायच्या. बाईंना त्यांच्यासाठी मिळायचा जेमतेम अर्धा तास.

एका दुपारी बाईंची पुस्तकं गाडीपर्यंत नेत होतो. बँडच्या खोलीतून ट्युब्याचा आवाज येत होता. तोच सूर पुन्हा पुन्हा, आणि पुन्हा पुन्हा घसरत.

"किती वाईट वाजवते," बाई म्हणाल्या आणि गाडीला टेकल्या. "मी चुकले का हो?"

मी पुस्तकं मागच्या सीटवर रचली.



जुन्या खोलीच्या पायरीवर त्या दोघी बहिणी मक्याच्या पोळ्या, तोर्तिया, खात बसल्या होत्या. बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग पर्समध्ये चाचपून त्यांनी किल्ली काढली. ती परत करायची राहिली होती, की केली नव्हती, मी विचारलं नाही.

"दुपारच्या शाळेला फोन करा. टायर बसलाय म्हणावं."

मी ऑफिसात येऊन फोन केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फोन केला. वर पाहतो तर दारात माई.

"काल पण टायरच बसला होता ना त्यांचा?"

"जुनी गाडी आहे, मॅडम."

माईंनी खिडकीतून मागे पाहिलं. खुर्च्यांच्या ढिगाऱ्यापलीकडे खोलीत दिवा लागला होता.

"उद्या त्या खुर्च्या हलवायला माणूस पाठवा," त्या म्हणाल्या. "कशासाठी ते लिहू नका."