सरांनी फिरवलेला हात

माझ्या आत्याच्या नाकावर राग असतो, असं घरात सगळे म्हणतात. म्हणू देत. तो राग तिने आयुष्यभर गिळला, हे कुणी म्हणत नाही. फोटो स्टुडिओत ती रिटचिंग करायची. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकांच्या सुरकुत्या, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची. मालकाला सगळे चेहरे सोललेल्या अंड्यासारखे गुळगुळीत लागत. एखादी रेघ राहिली की फोटो परत.

स्टुडिओ बंद पडल्यावर तिने तैलचित्रांचा क्लास लावला. "या वयात?" म्हणून माझे वडील हसले. आत्या त्यांची थोरली बहीण; तिने नुसतं बघितलं आणि वडील पेपरात शिरले.

क्लासमध्ये नक्कल करून शिकायची रीत होती. भिंतीवर एका जुन्या वास्तववादी चित्राची मोठी छापील प्रत लावलेली: डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी, चेहऱ्यावर बोट टेकवायला जागा नाही इतक्या सुरकुत्या. आत्याने कॅनव्हासवर चौकटी आखल्या, तपकिरी रंगात उजेड-सावली बसवली, मग थरावर थर दिले. खालचा वाळल्याशिवाय वरचा द्यायचा नाही, त्यामुळे धीर धरायलाही शिकली. एकूण एक सुरकुती काढली तिने. नाक जरा वाकडं झालं, हे मीही मान्य करते. पण म्हातारी जिवंत वाटत होती, आणि आत्या कधी नव्हे ती स्वतःवर खूश होती. क्लासच्या प्रदर्शनात हे चित्र तिच्या नावाने लागणार होतं. तिला दुसरं काही नको होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी मी तिच्याबरोबर गेले. भिंतीवर भलतीच बाई होती. नाक सरळ, गाल गोंडस, सुरकुत्या गायब. सरांनी आदल्या संध्याकाळी "जरासा हात फिरवला" होता. सगळ्यांच्याच चित्रांवर फिरवतात म्हणे, क्लासचं नाव राहायला हवं ना! बाकीचे विद्यार्थी हाताची घडी, तोंडावर बोट. खाली सही मात्र आत्याचीच. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर उपकाराची भाषा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

 आत्याने बोटाने चित्रातला गाल चाचपला. सरांचा रंग ओला होता. खालचा तिचा कधीच वाळलेला.

तिने चिंधी टर्पेंटाइनमध्ये जेमतेम भिजवली आणि पुसायला लागली. गुलाबी गाल चिंधीवर आला, खालून एकेक सुरकुती वर आली. वाकडं नाकही आलं.

"असलं चित्र मी लावणार नाही," सर म्हणाले.

"नका लावू. पण माझ्या सहीवर तुमचं चित्र नको."

सर तरातरा आपल्या खोलीत निघून गेले. मी चित्र भिंतीवरून उतरवत होते, तेवढ्यात क्लासमधले सगळ्यात जुने विद्यार्थी जवळ आले. बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांच्या चित्रांना बक्षिसं मिळाली होती, पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवली जात. ते चिंधीकडे बघत राहिले.

"ताई, माझ्या चित्रांवरचं वाळलंय," ते हळूच म्हणाले. "निघेल का?"

निघणार नव्हतं. आत्याने चिंधी मुठीत आवळली आणि सरांच्या खोलीचं दार न वाजवता ती आत गेली.