जरा सावंतांना देता का?

मुंबईतल्या कुठल्याही कंपनीत एक सावंत असतोच, असा वसंत घाडीगावकरांचा सिद्धांत होता. मेन गेट, वाळू भरलेली लाल बादली आणि सावंत यांच्याशिवाय सरकार कारखान्याला परवानगीच देत नाही, असं ते करी रोडच्या आपल्या चाळीच्या जिन्यात उभं राहून पोरांना सांगत. सावंत डिस्पॅचमध्ये असेल, टाइम ऑफिसात असेल, नाहीतर कॅन्टीनमध्ये भाताच्या टोपामागे असेल, पण असेल. म्हणून नोकरीसाठी फोन करायचा तो मॅनेजरला नव्हे. मॅनेजर काय, येतात आणि जातात. अनोळखी कंपनीत बिनधास्त फोन लावायचा आणि म्हणायचं, "जरा सावंतांना देता का?"

"कुठले सावंत?" ऑपरेटर विचारायची.

नवखा माणूस इथे गडबडून फोन ठेवतो. घाडीगावकर हसून म्हणत, "अहो, आपले सावंत!"

आणि फोन जोडला जाई. पलीकडून एखादा वैतागलेला आवाज "हां, सावंत" म्हणाला की घाडीगावकर थेट मालवणीत उतरत. "काय वो सावंतानू, बरा मां? गाव खंयचा तुमचा?" सावंतांचं गाव कुडाळ निघो की देवगड, तिथे घाडीगावकरांची एखादी आत्या दिलेली असे, नाहीतर एखादी जुनी कोर्टकेस तरी चालू असे. आत्या आणि कोर्टकेस झाली की मग हळूच पोराची गोष्ट निघे, "आमच्याकडे एक झील आसा. होतकरू आसा. तुमच्याकडे खंय चिकटता काय बघा."

गिरणगावात माणूस नोकरीला लागत नाही, चिकटतो. आणि घाडीगावकरांनी निम्मी चाळ चिकटवली होती. वडाळ्याच्या छपाईच्या शाईच्या कंपनीत ते डिस्पॅचला होते, आणि जेवणाच्या सुट्टीत तिथल्याच फोनवरून, कंपनीच्या पैशाने, दुसऱ्यांच्या कंपन्यांत पोरं चिकटवत. चाळीतली पोरं त्यांना पाठीमागे डिंक म्हणत आणि तोंडावर डिंककाका. दोन्हीचा त्यांना अभिमान होता.

फोनवरच्या बोलण्याचा त्यांनी एक शब्दकोशही तयार केला होता, फक्त तोंडी. "'बायोडाटा पाठवा' म्हणजे तिकिटाचे पैसे फुकट. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणजे साहेब समोर बसून चहा पितायत. 'थांबा हं' म्हणजे देव पावला समज, सावंत उठून कुणाला तरी विचारायला गेला. आणि 'कळवतो' म्हणजे नाही. तोंडावर नाही म्हणायची माणसाला लाज वाटते रे, म्हणून हा शब्द काढलाय. कळवतो म्हटलं की थँक्यू म्हणायचं, फोन ठेवायचा आणि पुढची कंपनी लावायची. वाट बघायची नाय."

हे ज्ञान घरी कधी पोचलं नव्हतं. त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, या सगळ्याचा फक्त शेवट ठाऊक होता. कुठलं तरी पोरगं पेढ्याचा बॉक्स घेऊन यायचं आणि पाया पडायचं.

मग गणपती उठले आणि त्यांच्यामागोमाग शाईची कंपनीही उठली. ती गेली उंबरगावला. सोबत केमिस्ट गेला, सुपरवायझर गेला, साहेबांच्या केबिनमधला फिशटँकसुद्धा टेम्पोतून पाणी सांडत गेला. डिस्पॅचचं काम तिकडे कॉम्प्युटर करणार होता. घाडीगावकर करी रोडलाच राहिले, वय वर्षं चोपन्न.

पहिले काही दिवस चाळीत कोणी फिकीर केली नाही. डिंकाला चिकटायला किती वेळ लागणार? पण घाडीगावकरांची अडचण वेगळीच होती. इतक्या वर्षांत त्यांनी फोनवर "मला" हा शब्द उच्चारला नव्हता. त्यांच्या व्याकरणात नोकरीच्या वाक्याला प्रथमपुरुष नव्हताच. झील असायचा, पुतण्या असायचा, भाऊबंदातला कोणी असायचा. स्वतःसाठी मागायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळूला लागायची.

म्हणून त्यांनी तोडगा काढला. रोज सकाळी दाढी करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा (फोनवर शर्ट दिसत नाही, हे त्यांना सांगायची हिंमत कोणात नव्हती), आणि खाटेवर खिडकीशी बसायचं. खिडकीतून परळचे टॉवर दिसत. त्यांच्या डोक्यावरच्या पाट्या वाचायच्या, नेटवरून नंबर काढायचा आणि म्हणायचं, "आमच्याकडे एक माणूस आहे. होतकरू आहे."

पण टॉवरमध्ये सावंत सापडेनात. आधी सापडायची ती बाई, जी बाई नव्हती. "मराठीसाठी तीन दाबा," असं ती मशीनमधून म्हणे. घाडीगावकर तीन दाबून अदबीने म्हणत, "जरा सावंतांना देता का?" त्यावर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. चिकाटीने माणसापर्यंत पोचलंच तर माणूस म्हणे, "सावंत? एम्प्लॉयी आयडी बताइए." सावंतांचा आयडी! घाडीगावकरांनी सावंतांची कुळं, देवळातले देवस्कीचे वाद आणि आंब्याच्या वाटण्यासुद्धा पाठ केल्या होत्या, पण हा नंबर त्यांना कोणी सांगितला नव्हता. "वेबसाइटवर अप्लाय करा, काका," एका मुलीने सांगितलं. तिने काका म्हटलं यातच त्यांनी दुपारपर्यंत समाधान मानलं.

दिवस असेच जाऊ लागले. संध्याकाळी ते सवयीने जिन्यात जाऊन उभे राहत. पोरं "काका, जरा" म्हणत बाजूने निघून जात. काका जरा म्हणजे जरा सरका. मोबाइलवर अंगठा फिरवत ती आपली आपण कुठे कुठे अर्ज करत होती. त्यांना सावंत लागत नव्हता, आणि सावंत लागत नव्हता म्हणजे घाडीगावकरही लागत नव्हते.

"त्या उन्मेषाक फोन करा मां," लक्ष्मीबाईंनी एकदा सुचवून पाहिलं. उन्मेष समोरच्या खोलीतला. घाडीगावकरांनीच चिकटवलेला, आता एका टॉवरमध्ये साहेब झालेला.

"त्याका मीया चिकटवलंय," घाडीगावकर म्हणाले. "चिकटवलेल्याक काय सांगू, आता माका चिकटव? मग माझा उरला काय?"

लक्ष्मीबाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही. नवऱ्याचं काय उरलंय हे बायकोला बाहेरच्यांपेक्षा जास्त दिसतं.

आणि एका बुधवारी, जेवायच्या आधी, सावंत सापडला. म्हणजे सापडली. हॉस्पिटलांना सामान पुरवणारी परळची कंपनी होती. घाडीगावकरांनी आशा सोडूनच विचारलं, "जरा सावंतांना देता का?"

"बोलतेय," पलीकडून चटकन उत्तर आलं. "अपेक्षा सावंत, ॲडमिन. बोला ना."

घाडीगावकर खाटेवर मांडी मोडून सरळ बसले. "काय वो सावंतानू, बरा मां? गाव खंयचा तुमचा?"

"गाव? मी ठाण्याची, काका. मालवणी समजते, बोलता येत नाही. लवकर बोला ना, दुसऱ्या लाइनवर कॉल आहे."

आत्या गेली, कोर्टकेस गेली. घाडीगावकर तसेच मुद्द्यावर आले. "आमच्याकडे एक माणूस आहे. होतकरू आहे. डिस्पॅच, स्टोअर, सगळं येतं."

"अय्या, स्टोअरला हवाच आहे आम्हाला. वय काय त्यांचं?"

"चोपन्न. पण दिसत नाही हां."

"आधीची नोकरी का सुटली?"

"त्याने नाही सोडली. कंपनी गेली, तो राहिला."

"माणूस कसा आहे? तुम्ही चांगले ओळखता?"

हा प्रश्न त्यांना शेकडो सावंतांनी विचारला होता आणि प्रत्येक पोराबद्दल ते तोंड भरून बोलले होते. आज ते थांबले. "ओळखतो," ते म्हणाले. "तसा बरा आहे. जरा बडबड्या आहे. चहा फार पितो. पण माल कधी चुकीच्या गाडीत चढवला नाही त्याने."

"तुम्ही कोण त्यांचे?"

"मी… शेजारी."

"मग त्यांनाच द्या ना फोन. दोन मिनिटं बोलते."

खोलीत पंखा फिरत होता. घाडीगावकरांनी फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला. तोंड उघडलं. एवढंच म्हणायचं होतं की मीच तो. पण जीभ टाळूला लागली होती ती लागलीच.

"तो बाहेर गेलाय," ते म्हणाले.

"बरं, आले की मला लगेच फोन करायला सांगा. संध्याकाळपर्यंत साहेबांना नाव द्यायचंय."

फोन बंद झाला. मोरीत बसून कोलंबी सोलत असलेल्या लक्ष्मीबाईंनी मान वर केली.

"शेजारी?" त्या म्हणाल्या. "खंयचो शेजारी? आमच्या एका बाजूक जिनो, दुसऱ्या बाजूक संडास!"

"गप रव."

"करा मगे परत फोन. सांगा, इलंय बाहेरसून."

"आवाज ओळखतली ती!" घाडीगावकर कळवळून म्हणाले. स्वतःचा शेजारी होऊन बसल्यामुळे आता त्यांना स्वतः होता येत नव्हतं. ते भिंतीकडे तोंड करून खाटेवर आडवे झाले. इस्त्रीच्या शर्टासकट.

लक्ष्मीबाई थोडा वेळ त्या शर्टाच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कोलंबीचे हात पदराला पुसले, फोन घेतला आणि कानाला वास नको म्हणून स्पीकरवर टाकून मघाचाच नंबर दाबला.

"हॅलो, सावंत मॅडम? मगाशी त्या माणसासाठी फोन आला होता ना? मी त्याची बायको."

"हां काकी. आले का ते?"

"ते गेलेच नव्हते कुठे. शेजारी पण तेच आणि माणूस पण तेच. स्वतःसाठी मागायला लाजतात."

पलीकडे अपेक्षा सावंत खुदकन हसली. भिंतीकडे तोंड केलेल्या घाडीगावकरांचे कान लाल झाले.

"अख्ख्या चाळीतल्या पोरांना चिकटवलंय त्यांनी," लक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात कुठल्या कंपनीत फोन केला नव्हता, पण आता थांबेनात. "स्वतःचं तेवढं जमत नाहीय. माणूस सोन्यासारखा आहे हो. मागे वडाळ्याला पाणी भरलं ना, तेव्हा सगळे घरी पळाले, हे माल वाहून जाईल म्हणून शाईच्या पिंपांवर बसून राहिले. मी इथे रडतेय. आले ते निळे होऊन आले. कानातली शाई दिवाळीपर्यंत गेली नाही. जेवणात मीठ कमी पडलं तर बोलत नाहीत, नुसतं माझ्याकडे बघतात. एवढाच काय तो ताप. बघा ना कुठे जमतं काय."

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "थांबा हं, काकी."

घाडीगावकर उठून बसले. थांबा हं! फोनमधून सनईसारखं काहीतरी वाजायला लागलं. त्यांनी बटणं नीट केली, कॉलर सरळ केली. लक्ष्मीबाई फोन देवासमोर ताट धरावं तसा दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. ती सनई फार वेळ वाजली.

"हॅलो… काकी?" आवाज तोच होता, पण मघाचा नव्हता. "बोलले मी साहेबांशी. ते वय विचारत होते. मी म्हटलं, अनुभव आहे, माणूस चांगला आहे. तर… कळवते मी. हां? नक्की कळवते."

"कळव हां, बाळा. आम्ही घरीच आहोत."

फोन ठेवून लक्ष्मीबाई वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा पेढ्याचा बॉक्स उघडल्यासारखा झाला होता. "बघलात? आपणहून म्हणाली कळवते. दोनदा सांगितल्यान!"

एकदा कळवते म्हणजे नाही. दोनदा म्हणजे नाही, आणि वर वाईटही वाटतंय. घाडीगावकरांचा शब्दकोश एवढा स्वच्छ होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या पदराला कोलंबीचे हात लागले होते आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"दोनदा म्हणाली मां," ते म्हणाले. "मग झाला तर."

आणि सवयीने त्यांनी फोनकडे हात नेला. खिडकीतल्या पुढच्या टॉवरची पाटी ते सकाळीच वाचून ठेवून बसले होते.

"आता खंय फोन लावू नकात!" लक्ष्मीबाई ओरडल्या. "ती करतली आणि तुमचो एंगेज लागतलो!"

घाडीगावकरांनी हात मागे घेतला. फोन उचलून त्यांनी फळीवर ठेवला, जिथे रेंज बरी असते तिथे, आणि समोर खाटेवर बसले. दुपार गेली. खिडकीतल्या पाट्यांवर दिवे लागले. ज्याने सगळ्या पोरांना वाट बघायची नाय म्हणून शिकवलं, तो माणूस इस्त्रीच्या शर्टात हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

"वाजलो काय?" मोरीतून लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"नाय," घाडीगावकर म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "अजून नाय."