बॉयलरची पिवळी ज्योत

सून दहा दिवसांचं पोर छातीशी धरून बर्फात अनवाणी उभी होती आणि मी तिला घरात जाऊ देत नव्हते.

"आई, निदान मोजे तरी आणू द्या," ती म्हणाली.

"मोज्यांवाचून कोणी मरत नाही. इथेच थांब."

दहा दिवस हिला मी गार फरशीवर पाय टेकू दिला नव्हता, कानाचा रुमाल सोडू दिला नव्हता. आणि आता भर जानेवारीत तिला अंगणात काढलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, दोनदा ओकून झालं होतं. नात सकाळपासून दुधाला उठलीच नव्हती. तळव्याला टिचकी मारली तरी डोळा उघडत नव्हती. मुलगा सकाळच्या गाडीने शिकागोला ऑफिसात गेलेला. सुनेने फोन करून आगीचा बंब बोलावला. मी माझी शाल दोघींवर टाकली, चपला काढून तिच्या पायात सरकवल्या आणि तिच्या शेजारी उभी राहिले.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. बाळंतपण करायला मी अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आले होते. घर जुनं. तळघरात गॅसवर चालणारा बॉयलर. तो पाणी तापवायचा आणि ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरायचं. बाळंतिणीच्या खोलीतला रेडिएटर खाली गरम आणि वर गार लागायचा. मुलगा म्हणाला, वर हवा अडकली आहे. त्याने एक चिमुकली किल्ली आणली, बाजूचा स्क्रू जरा सैल केला. फुस्स करून हवा निघाली, मग पाण्याचा थेंब आला, तसा त्याने तो बंद केला. रेडिएटर वरपर्यंत तापला.

मला ते काम आवडलं. सकाळचा चहा झाला की मी किल्ली आणि वाटी घेऊन घरभर फिरायची आणि प्रत्येक रेडिएटरची हवा काढायची. चार दिवसांनी बॉयलर बंद पडला.

मुलगा फोन कानाला लावून त्याच्यापुढे तासभर उभा होता. पलीकडचा दुरुस्तीवाला एकेक विचारत होता. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचे सेल बघितले का? आतली लहान ज्योत पेटलेली आहे का? पाण्याच्या दाबाचा काटा कुठे आहे? काटा पार खाली होता. पाणी कमी झालं होतं.

"आई, तू त्यातून पाणी काढलंस का?"

"हवेबरोबर थोडं येतंच की. रोज एक वाटी."

"अगं, ते काय औषध आहे, रोज द्यायला?"

त्याने नळ सोडून पाणी भरलं, काटा वर आला, बॉयलर सुरू झाला. किल्ली त्याने खिशात घातली ती मला पुन्हा दिली नाही.

मग मी वाऱ्यामागे लागले. घरात पायाच्या घोट्याला कुठून तरी गार झोत लागायचा, आणि बाळंतिणीला वारा लागला की जन्माचं दुखणं, हे मी चार बाळंतपणं काढून सांगते आहे. शोधत शोधत बॉयलरच्या खोलीत गेले, तर भिंतीत खालच्या बाजूला लोखंडी जाळी, आणि तिच्यातून बाहेरचा वारा सरळ आत. घर गरम करायच्या खोलीलाच भोक ठेवणाऱ्याला शहाणा कसा म्हणायचा? जाळीशेजारी इंग्रजीत काही तरी लिहिलेलं होतं. माझी शाळा चौथीला संपली, आणि चौथीपर्यंत इंग्रजी नव्हतं. दुपट्यांसाठी मी माझं एक जुनं नऊवारी आणलं होतं. त्याचा बोळा करून जाळीत घट्ट बसवला.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आज घर छान गरम आहे."

"असेल," मी म्हटलं.

दुसरा घोळ धुरीचा. न्हाऊ घातल्यावर मी पोरीला ओवा आणि लसणीच्या सालींची धुरी द्यायची. छताला एक पांढरी डबी होती, ती धूर झाला तरी ओरडायची आणि विषारी हवा झाली तरी ओरडायची. निखारा खोलीत आणला की ती बोंब ठोकायची आणि पोर दचकून काळीनिळी व्हायची. तिसऱ्या दिवशी मुलाने तिचा सेल काढून स्वयंपाकघराच्या खणात ठेवला. "धुरी झाली की परत घालतो," म्हणाला. कोणी घातला नाही. मीही आठवण केली नाही.

जाळी बुजवल्यावर दोन दिवसांनी सुनेचं डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, कॉम्प्युटर बघू नकोस. माझंही दुखत होतं. ते मी तिथल्या चहावर ढकललं.

त्या सकाळी मी लंगोट वाळत घालायला बॉयलरच्या खोलीत गेले. बॉयलरला पुढे लहान काच होती, तिच्यातून ज्योत दिसायची. एरवी निळी आणि बसकी. त्या दिवशी ती पिवळी होती, समईच्या वातीसारखी लांब आणि हलती. काचेच्या वर काजळी धरली होती. खिडकीवरून आतल्या बाजूने पाणी ओघळत होतं. इंग्रजी मला वाचता येत नाही, ज्योत वाचता येते. आयुष्य रॉकेलच्या स्टोव्हपुढे गेलं. निळी ज्योत भाकरी भाजते. पिवळी ज्योत भांडं काळं करते आणि बाईचं डोकं धरते. ती दिसली की आधी दार उघडायचं, कारण मागून शोधायचं. सुनेचं डोकं, ओकारी, न उठणारं पोर, सगळं एका जागी आलं. जिन्याजवळचं बॉयलरचं लाल बटण मुलाने दाखवून ठेवलं होतं. ते बंद केलं आणि वर पळाले.

अंगणात पाचेक मिनिटं गेली असतील. नात एकदा शिंकली, परत शिंकली आणि मग असं भोकाड पसरलं की शेजारची म्हातारी दार उघडून बघायला लागली. सून रडायला लागली. मी म्हटलं, "तू कशाला रडतेस? रडणारं पोर जिवंत असतं." तेवढ्यात बंब आला. त्यांनी आम्हाला गाडीत बसवून नाकाला हवा लावली, दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी सोडलं.

दुसऱ्या दिवशी बॉयलरवाला आला. जाडजूड, पांढऱ्या मिश्यांचा. म्हणाला, ज्योतीलाही श्वास लागतो, तो त्या जाळीतून येतो. मग वाकून त्याने जाळीतलं टोक धरलं आणि ओढलं. हिरवं लुगडं, लाल काठ. तो ओढतो आहे आणि ते येतंच आहे. नऊवार म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं.

"आई, हे काय?" मुलाने विचारलं.

"लुगडं."

"ते दिसतंय. इथे कुणी घातलं?"

"भुताने नाही घातलं. मी घातलं."

मग जिन्यावर बसलेली सून हसायला लागली. पोट धरून म्हणाली, "आई, तुम्ही बॉयलरलासुद्धा बाळंतिणीसारखं गुंडाळलंत."

बॉयलरवाल्याने काजळी खरवडली आणि ज्योत निळी करून दाखवली. मुलाने डबीत सेल घातला आणि आणखी दोन डब्या आणल्या. धुरी मी बंद केली. ओवा तव्यावर गरम करून फडक्यात बांधला, त्याचा शेक दिला, पोरीचं काही अडलं नाही. जाळीवर मुलाने मराठीत कागद लावला, 'ही जाळी बंद करू नये.' खाली सुनेने पेनाने लिहिलं, 'विशेषतः आईंनी.' लुगडं धुऊन मी त्याची सहा दुपटी केली.

बारसं ठरल्या दिवशी झालं. ज्योत पिवळी झाली त्या सकाळी घरात सून, नात आणि मी होतो. चूक माझी होती. तिघीही जगलो.