आमच्या साडूंची चिनी परिषद

चीनच्या कायद्याविषयी वाशिम जिल्ह्याला जेवढी माहिती आहे तेवढी खुद्द चीन सोडून जगातल्या कुठल्याही जिल्ह्याला नसेल, आणि याला सर्वस्वी जबाबदार आमचे साडू आहेत. साडूंकडे पासपोर्ट नाही. पूर्वेला ते नागपूरच्या पलीकडे गेलेले नाहीत. नूडल्स समोर आल्या की ते चष्मा काढून ठेवतात, म्हणजे त्या नीट दिसत नाहीत. पण चीनमध्ये शेतजमीन कोणाच्या मालकीची, ती कसायला कोणाला मिळते, सासऱ्याच्या मिळकतीत जावयाला काय मिळत नाही, यावर ते तासभर बोलू शकतात, आणि समोरच्याने चुकून "असं का?" म्हटलं तर दोन तास. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका विधी महाविद्यालयात आयुष्यभर शिकवून ते निवृत्त झाले आणि अनसिंगला येऊन राहिले. तिथे किराणा दुकानदारापासून एस.टी.च्या कंडक्टरपर्यंत सगळे त्यांना "चीनवाले सर" म्हणतात. साडूंना याचा राग येत नाही. ते फक्त दुरुस्ती करतात, "चीनवाले नाही, तुलनावाले."

ही तुलना त्यांना चिकटली ती दिल्लीत. चिनी कायद्याच्या तुलनात्मक अभ्यासावर तिथे विद्वानांची एक परिषद होती. निमंत्रण खरं तर त्यांच्या प्राचार्यांना होतं, पण प्राचार्यांच्या घरी ऐन वेळी लग्न निघालं आणि साडूंची वर्णी लागली. तिथे चीनची तुलना जर्मनीशी झाली, अमेरिकेशी झाली, जपानशी झाली. शेवटी साडू उभे राहिले आणि त्यांनी विचारलं की चीनच्या खेड्यात दोन शेजाऱ्यांचं धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, वाजलं तर पुढे काय होतं? अध्यक्षांनी प्रश्न फार चांगला असल्याचं सांगितलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली. साडू तो प्रश्न तसाच घेऊन परत आले. "साडूभाऊ," ते मला म्हणाले, "जर्मनीत धुरा आहे का? नाई. मंग चीनची तुलना आपल्याशी कराव का जर्मनीशी?" मी वाशिमच्या कोर्टात वकिली करतो. उत्तर द्यायच्या आधी पक्षकाराचा चेहरा पाहायची मला सवय आहे. तो पाहिला आणि मी म्हणालो, "आपल्याशी." तिथेच मी अडकलो.

साडूंनी स्वतःचीच एक परिषद काढली. ती वर्षातून दोनदा भरे, पेरण्या आटोपल्यावर एकदा आणि तूर घरात आल्यावर एकदा. जागा अनसिंगच्याच एका कृषी सेवा केंद्राच्या वरचा हॉल. खाली खताची पोती, त्यामुळे वर आलेल्या विद्वानाला आधी शिंका येत. बाकी थाट मात्र पूर्ण. मागे कापडी फलक, समोर समई, पाहुण्याला शाल आणि नारळ, मग प्रास्ताविक. साडूंचं प्रास्ताविक चीनच्या पहिल्या सम्राटापासून निघे आणि घराणी ओलांडत, नद्या ओलांडत, जेमतेम जमीनवाटपापर्यंत येई तेव्हा खालून आलूबोंड्यांचा वास येऊ लागे. हॉलमध्ये मधे वाट सोडून खुर्च्यांचे दोन भाग केलेले असत, डावीकडे चीन आणि उजवीकडे भारत. एकच प्रकरण दोन्ही बाजूंनी आपापल्या कायद्याने सोडवायचं आणि मग साडूंनी अध्यक्ष म्हणून तुलना करायची. पहिल्या वर्षी चीनकडे कोणी बसेना. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी तर सरळ सांगितलं, "सर, माही पेन्शन चालू आहे. मी इकडंच बरा." शेवटी पंखा फक्त डाव्या बाजूला चालतो हे लोकांच्या लक्षात आलं आणि चीनची लोकसंख्या वाढली. मी कायम भारतात बसलो आणि कायम घामाघूम झालो.

घरीही या अभ्यासाचा उपद्रव होताच. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची अक्का. ती एकदा चिडून म्हणाली की मी चालली माहेरी, आता येत नाही. साडूंनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि शांतपणे सांगितलं की चीनमध्ये काडीमोडाचा अर्ज केला तरी आधी महिनाभर थांबायला लावतात, तेव्हा तीही महिनाभर थांबू शकते. अक्का म्हणाली, "महिनाभर तुमी सोयपाक करा, मंग थांबतो." पण चीनचा एक कायदा मात्र अक्काला मनापासून पटला होता. तिथे म्हणे मुलांनी म्हाताऱ्या आईबापांकडे वरचेवर यावं असं कायद्यातच लिहिलं आहे. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकाला ती दर रविवारी फोनवर हा कायदा ऐकवी आणि शेवटी म्हणे, "तू तिकडं असता तं आतापर्यंत तुह्यावर केस झाली असती."

पण या परिषदेला खरा रंग चढवला तो केनवडच्या एका शेतकऱ्याने. हा गृहस्थ पहिल्यांदा आला तो बहुधा आलूबोंडा आणि कढीसाठी. प्रश्नोत्तरांत मात्र तो उभा राहिला. "सर, चीनमधलं एक प्रकरन आहे," तो म्हणाला. साडूंचा चेहरा उजळला. आजवर चीनमधलं प्रकरण त्यांच्याखेरीज कोणीच आणलं नव्हतं. "तिथं एक ली नावाचा मानूस आहे. त्याचा शेजारी दरसाल नांगरताना धुरा कोरते. कोरता कोरता ह्या सालात त्यानं बोराचं झाडच आपल्याइकडं घेतलं. तं लीनं काय कराव?" साडूंनी पेन उघडलं. "प्रांत कोणता?" त्यांनी विचारलं. केनवडकर गडबडला. "प्रांत... तिकडं, रस्त्याच्या खालच्या अंगाले." सभागृहात हसू फुटलं. साडूंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि टिपून घेतलं, "दक्षिणेकडील प्रांत." मग त्यांनी चीनमध्ये गावोगावी असलेल्या समेट समित्यांची माहिती दिली, दोन्ही बाजू बोलल्या, मी माझ्या बाजूने मोजणीचा अर्ज सुचवला आणि चीनने सुचवलं की दोघांनी मिळून दोरी धरावी, बोरं अर्धी अर्धी घ्यावी. मागच्या रांगेत एक मिशाळ माणूस इतका वेळ मान खाली घालून बसला होता. खाली कढी पिताना तो केनवडकराजवळ सरकला आणि म्हणाला, "बोराचं मले मंजूर आहे." लीचा शेजारी लीच्याच मोटरसायकलवर मागे बसून आला होता.

त्यानंतर जिल्ह्यातल्या अर्ध्या भांडणांना चिनी नावं मिळाली. आमच्याकडे घरचं भांडण चारचौघांत सांगायची लाज फार, आणि कोर्टात आलं की त्याला गाव जमतं. चीनला मात्र लाज नव्हती. चीनमधल्या एका बाईच्या बकऱ्या शेजारणीच्या हरभऱ्यात शिरू लागल्या. चेन नावाच्या एका इसमाने लग्नासाठी नेलेली सतरंजी परत दिली नाही. एका चिनी सासूने सुनेला मोबाईल घेऊ दिला नाही आणि त्या प्रकरणात खरी सासू स्वतः भारताच्या बाजूला बसून तावातावाने चिनी सासूची कड घेत होती. नियम एकच होता आणि तो कोणी कधी बोलून दाखवला नाही. प्रकरण कोणाचं हे विचारायचं नाही आणि जिना उतरल्यावर कोणाला चिडवायचं नाही. चहाच्या टपरीवर एरवी एकमेकांची पार सालं काढणाऱ्या लोकांनी हा नियम पाळला, याचं मला अजून नवल वाटतं. माझ्या वकिलीला अर्थातच घसरण लागली. साडू मात्र प्रत्येक वेळी तितक्याच गंभीरपणे प्रांत विचारत. ते भोळे आहेत की बनेल, हे मला काही केल्या ठरवता येत नव्हतं.

एवढ्या सगळ्या लोकांचे समेट घडवणाऱ्या या माणसाचं स्वतःच्या सख्ख्या भावाशी मात्र बोलणं नव्हतं. धाकटा भाऊ कारंजा तालुक्यात धनजला राहून घरची शेती करतो. वाटणीत विहीर साडूंच्या वाट्याला गेली होती. एका उन्हाळ्यात धाकट्याने न विचारता तिच्यावर मोटर बसवली. साडूंनी धनजला जाऊन चार शब्द ऐकवायचे, तर त्यांनी आपल्याला जे येत होतं ते केलं. कारंज्याच्या एका वकिलामार्फत नोटीस पाठवली. मोटर निघाली, आणि येणं-जाणंही संपलं. नात्यातल्या लग्नात एक हळदीला येई आणि दुसरा अक्षता टाकायला, म्हणजे गाठ पडायला नको. तरीही दर परिषदेचं निमंत्रण धनजला जाई, आणि पत्ता साडू स्वतःच्या हाताने लिहीत. परिषदेच्या सकाळी ते कारंज्याहून येणाऱ्या गाडीची वेळ दोनदोनदा विचारत. भाऊ कधी आला नाही. "बाकीच्यायले सांगतात बसून बोला म्हून," अक्का मला म्हणायची, "आपून काहून जात नाईत? तो त्यायचा मार खाऊन मोठा झाला हो. त्याले नोटीस पाठोतात का?" रोज कायद्याने बोलणारा हा माणूस हा विषय निघाला की पाणी प्यायला आत जाई.

मग तूर घरात आल्यानंतरच्या एका परिषदेत, प्रास्ताविक अजून दुसऱ्या घराण्यात असताना, जिन्यावरून एक माणूस वर आला. डोक्याला रुमाल, पायात धुळीच्या चपला, आणि नाक थेट साडूंचं. अक्का दारातच उभी होती, तिने तोंडाला पदर लावला. साडूंनी एक घराणं अर्धवट सोडलं, पुढची दोन गाळली आणि ते खाली बसले. पाहुणा वाटेत उभा राहिला, ना चीनकडे ना भारताकडे.

"चीनमधलं एक प्रकरन आहे," तो म्हणाला.

"बोला," साडू म्हणाले. त्या दिवशी त्यांनी प्रांत विचारला नाही.

"तिथं दोन भाऊ आहेत. मोठा शिकाले गेला, लाहना वावरात राह्यला. इहीर मोठ्याच्या वाट्याले आली. लाहन्यानं न इचारता मोटर बसोली. चुकलं त्याचं, तो नाई म्हनत नाई. मोठ्यानं येऊन दोन झापडा मारल्या असत्या तं त्यानं खाल्ल्या असत्या. पन मोठ्यानं वकिलाची नोटीस धाडली. तिच्यात लाहन्याचं नाव, आन् नावाच्या म्होरं बापाचं नाव लिवलं." तो थांबला. "जसं काई दोघायचा बाप येगयेगळा होता. तं अशावर चीनमध्ये काय करतात, येवढंच इचाराले आलो."

पंचवीस वर्षं मीही अशाच नोटिसा पाठवत आलो आहे, आणि प्रत्येकीत बापाचं नाव लिहीत आलो आहे. साडूंनी चष्मा काढला. व्यासपीठावर ते नेहमी पुस्तकी मराठी बोलत, अगदी चहाची सुट्टी जाहीर करतानासुद्धा.

"चीनचं मले मालूम नाई," ते म्हणाले. "मोठ्याचं चुकलं."

"मोठ्याले सांगान का तसं?"

"सांगतो."

"आन् म्हना, इहिरीले पानी लय आहे. येकडाव येऊन पाहून जाय."

त्या दिवशी तुलना झाली नाही आणि आभारप्रदर्शनही राहिलं. खाली साडूंनी भावाच्या ताटलीत दोन आलूबोंडे ठेवले आणि वर कढी ओतली, ती इतकी ओतली की ताटलीबाहेर वाहिली. भाऊ म्हणाला, "पुरे ना बापा." दोघांचंही लक्ष कढीकडे होतं, म्हणून डोळे पुसणं सोपं गेलं. अक्काने मात्र ते सगळ्यांदेखत पुसले.

भावाला गाडीत बसवून आम्ही दोघे परत येत होतो. मी शेवटी विचारलंच, "तुमाले समजत होतं का हो, हे चिनी लोक कुठले ते?"

"पहिल्याच दिवशी समजलं होतं," साडू म्हणाले. "बोरासाठी असा जीव चीनमध्ये कोन टाकते? त्या दिवशी परिषद मी बंदच करनार होतो. दिल्लीवाले हसले असते मले. मंग वाटलं, लोक आपलं भांडन असं बाहेरचं म्हून घेऊन येऊन राह्यले, तं कधी तोही घेऊन येईन."

"एवढी वर्षं त्याच्यासाठी? सरळ धनजले गेले असते तं?"

"तिथं जाऊन म्या काय म्हटलं असतं, साडूभाऊ?" मी या माणसाची वर्षानुवर्षं थट्टा केली होती. त्या रस्त्यावर त्याच्याबद्दल मला जी माया दाटून आली, ती पुन्हा कधी कमी झाली नाही.

ती परिषद शेवटची ठरली. साडू आणि अक्का आता वर्षातले सात-आठ महिने धनजलाच असतात. वरच्या हॉलमध्येही खताची पोती रचली आहेत. माझी वकिली सुधारली आहे. लोक आपापल्या खऱ्या नावांनी भांडतात, तारखांना येतात, आणि कोर्टाच्या आवारात एकमेकांकडे पाठ करून चहा पितात. केनवडचा तो शेतकरी बाजारात भेटला की अजून विचारतो, "चीनची सभा कधी हो वकीलसाहेब?" मी म्हणतो, बघू.

गेल्या महिन्यात कारंज्याला काम निघालं तेव्हा धनजला वाकडी वाट केली. विहिरीच्या काठावर दोघे भाऊ उभे होते आणि कडाक्याचं भांडण चाललं होतं. पाइप कुठून न्यायचा, यावरून. दोघांचे आवाज पार रस्त्यापर्यंत येत होते. धाकट्याने कपाळावर हात मारला, थोरल्याने त्याची अक्कल काढली. मला जुनी हुक्की आली आणि मी लांबूनच ओरडलो, "अध्यक्षमहाराज, चीनमध्ये काय करतात याच्यावर?"

साडूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. नुसता हात हलवला.

"थांबा हो जरासे," ते म्हणाले. "आमी बोलून राह्यलो."