ड्रायव्हरच्या वाटचा नमस्कार

कुंभकोणम् गावात गाडी चालवणाऱ्याची पंचाईत अशी की इथे दर वळणावर देव उभा असतो. मोठी देवळं सोडा, नुसते कोपऱ्याकोपऱ्यावरचे पिळ्ळैयार, म्हणजे आपले गणपती, मोजायला गेलात तरी दमाल. आणि देव दिसला की हात जोडायचे, डोळे मिटायचे, दोन्ही गालांवर हलक्या चापट्या मारून घ्यायच्या, ही इथली रीत. पायी चालणाऱ्याचं ठीक आहे. सायकलवाला एक हात छातीशी नेऊन भागवतो. मोटारीच्या स्टिअरिंगवर बसलेल्यानं काय करावं?

आमच्या घरापुरता या प्रश्नाचा निकाल वडिलांनी लावून टाकला होता. आम्ही तंजावरकडचे मराठी. मराठ्यांच्या राज्याबरोबर पूर्वज इकडे आले आणि राज्य गेलं तरी इथेच राहिले. दाराबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत जुनी मराठी, आणि वडिलांची जुनी पांढरी मोटार ही उंबऱ्याच्या आतच धरलेली. गाडीत मराठीच बोलायचं. वडील ड्रायव्हर म्हणायचे नाहीत, हांकणारा म्हणायचे. त्यांचा नियम असा: हांकणाऱ्यानं देवाला हात जोडायचे नाहीत. त्याच्या शेजारी बसेल त्यानं त्याच्या वाटचा नमस्कार करायचा. म्हणजे एक आपला, एक हांकणाऱ्याचा. आणि तोही डोळे उघडे ठेवून. "देव पळून जात नाही, बैलगाडी मात्र आडवी येते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यामुळे आई आयुष्यभर जोडीनं नमस्कार करत राहिली. पुढच्या काचेकडे पाहत, पापणी न लववता, चट चट दोन आणि पुन्हा चट चट दोन. मागच्या सीटवर मी आणि धाकटी बहीण तिची नक्कल करून खिदळायचो. एकदा वडिलांनी भर रस्त्यात गाडी थांबवून आम्हा दोघांना खाली उतरवलं होतं. हसलो म्हणून नव्हे, हसण्यापायी आईनं मागे वळून पाहिलं म्हणून. गाडीचे दोन डोळे तुम्ही फोडलेत, असं म्हणाले. पुढचा मैलभर आम्ही गाडीमागून चालत गेलो. त्या दिवशीचं ऊन अजून आठवतं, आणि खरं सांगतो, तो राग पुढे माझ्यावर परत कुणी करायला हवा होता असंही वाटतं.

लग्न झालं आणि डाव्या सीटवर बायको आली. जवळच्याच नाचियार्कोविल् गावची. पितळी समयांच्या कारखान्यांच्या गल्लीत वाढलेली, त्यामुळे आवाज असा की ठोकाठोकीच्या वर ऐकू जावा. तिनं सासऱ्यांचा नियम नुसता पाळला नाही, वाढवला. नमस्कार तर करायचीच, वर सगळा रस्ता मोठ्यानं वाचून दाखवायची. "सायकल. उजवीकडे म्हातारा, पाहत नाही. बकऱ्या, तीन. नाही, चार." मी म्हणायचो, "अगं बाई, मला डोळे आहेत." ती म्हणायची, "आहेत, म्हणूनच सांगतें. नसते तर काय उपयोग?" कान किटून जायचे माझे. पण तिची एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षातही आली नव्हती. फ्लास्कमधून पाणी प्यायचं असलं, पदर सावरायचा असला, तरी ती आधी सांगायची: "मी आता पाहत नाही हां, तुम्ही पाहा." आणि झालं की, "आलें." छत्तीस वर्षं हे चाललं. आमच्या गाडीला कधी ओरखडासुद्धा आला नाही आणि त्याचं श्रेय मी बिनदिक्कत स्वतःकडे घेत आलो.

मग गेल्या वर्षी मुलानं नवी गाडी पाठवली. मुलगा बंगळूरला असतो आणि आमच्या काळजीनं त्याला म्हणे झोप लागत नाही. "अप्पा, ही अर्धीअधिक स्वतःच चालते," तो म्हणाला. पुढच्या गाडीपासून अंतर राखते, पांढऱ्या रेषांमध्ये आपण होऊन राहते, काही आडवं आलं तर ब्रेक लावते. स्टिअरिंगवरचे हात सुटले तर टुंग टुंग वाजते. आणि वाजली की त्याची खबर थेट मुलाच्या फोनवर!

पहिल्याच शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन. "अप्पा, आज चौदा वेळा हात सोडलेत तुम्ही? करताय काय गाडीत?" काय करणार? नमस्कार! गाडी आपली आपण चालते म्हटल्यावर इतकी वर्षं मनात दबून राहिलेली हौस उफाळून आली होती. सदुसष्टाव्या वर्षी मला पहिल्यांदा गाडीत बसून देवाला हात जोडायला मिळत होते. चौदाच कसे झाले, याचंच मला नवल वाटलं.

मुलगा हसला नाही. म्हणाला, "अप्पा, ही चेष्टा नाही. असं पुन्हा पुन्हा आलं तर किल्ली घेईन आणि ड्रायव्हर ठेवीन."

झोंबलं. पण त्याहून जास्त भीती वाटली, आणि ती माझ्यासाठी नव्हती. माझी सासू नव्वदीला टेकलेली, नाचियार्कोविल्ला तिच्या मुलाकडे, म्हणजे माझ्या मेहुण्याकडे, अंथरुणावर असते. दर शुक्रवारी सकाळी आम्ही जातो. बायको आईचे केस विंचरते, तिला भरवते, दोघी तासभर काहीबाही बोलतात, परत येतो. बसच्या पायऱ्या बायकोच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. आणि मध्यंतरी मला मोतीबिंदू झाला तेव्हा ड्रायव्हर ठेवून पाहिलेला. शुक्रवार म्हटला की या गावातले झाडून सगळे ड्रायव्हर यात्रेकरूंना देवळं दाखवायला जातात. दोन महिन्यांत सात शुक्रवार चुकले. सातही वेळा बायको पातळ नेसून, डबा भरून, ओसरीवर तयार बसलेली होती. पुन्हा ते नको होतं मला. किल्ली गेली तर तिचा शुक्रवार गेला, इतका साधा हिशेब.

म्हणून मी शहाण्यासारखा वागू लागलो. म्हणजे मला तसं वाटलं. रेषा असलेल्या मोठ्या रस्त्यावर हात घट्ट धरून ठेवायचो, गाडीला वाजायची संधी द्यायचो नाही. बायकोला मात्र मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं, "तू आता स्वस्थ बस. बघायला गाडी आहे." पहिले काही दिवस ती सवयीनं "सायकल" म्हणायची, मी गाडीतल्या पडद्याकडे बोट दाखवायचो. तिथे ती सायकल आधीच चित्र होऊन उमटलेली असायची. हळूहळू तिनं बोलणं सोडलं. नमस्कारही एकच करू लागली, आपल्यापुरता, छान डोळे मिटून. गाडीत अशी शांतता झाली की मला वाटलं, वा, हेच तर हवं होतं.

मासी महिन्यातला, म्हणजे आपल्या माघ-फाल्गुनातला, शुक्रवार होता. सांबा भाताची कापणी उरकलेली, आणि दरवर्षीसारखा अर्धा रस्ता शेतकऱ्यांनी धान वाळवायला घेतलेला. आमच्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही. डांबर तापतं, धान वाळतं, गाड्या उरलेल्या अर्ध्यातून जातात. नाचियार्कोविल्च्या अलीकडे पिंपळाखाली एक लहानसा पिळ्ळैयार आहे. तिथे रस्ता जरासाच डावीकडे वळतो. बायकोच्या माहेरचा देव तो. तिनं डोळे मिटून हात जोडले. आणि हात सुटले तरी गाडी वाजत नाहीये असं पाहून मीही जोडले. मीही डोळे मिटले.

आता नीट सांगतो काय झालं होतं ते. त्या रस्त्यावर पांढऱ्या रेषा नव्हत्या. रेषा दिसल्या नाहीत की गाडी स्टिअरिंग सोडून देते. पडद्याच्या कोपऱ्यात स्टिअरिंगचं एवढंसं चित्र असतं, ते हिरव्याचं राखाडी होतं, बास. ना वाजणं, ना हाक. आणि स्टिअरिंग तिच्याकडे नाही म्हणताना माझे हात सुटल्याची तक्रार तरी ती का करील? म्हणजे गाडीला वाटत होतं मी चालवतोय. मला वाटत होतं गाडी चालवतेय. बायकोला वाटत होतं मी आणि गाडी, आम्ही दोघंही पाहतोय. त्या क्षणी खरं तर कुणीच चालवत नव्हतं.

कानावर आला तो चाकाखाली धान भरडल्याचा आवाज. सर्रर्र. डोळे उघडले तर समोर एक पाठ. वाकलेली, लुगड्याचा पदर खोचलेली, पायानं धान उलथत मागे मागे सरकणारी एक बाई. ब्रेक मी दाबला की गाडीनं लावला, हे आजही मला शपथेवर सांगता यायचं नाही. गाडी थांबली तेव्हा बाई हाताच्या अंतरावर होती.

ती वळली. माझ्याच वयाची असेल. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तमिळमध्ये म्हणाली, "पाहून जाऊ नये का, अय्या? तांदळाची कणी होते ना अशानं." बास, एवढंच. तिला वाटलं धानावरून गाडी गेली. तिच्यावरून जाणार होती हे तिला कळलंच नव्हतं. मी काच खाली केली. बायको तशीच उतरली, दुखऱ्या गुडघ्यांनी वाकली आणि चाकाच्या खुणेतलं धान दोन्ही हातांनी ओढून परत वाळवणात लोटू लागली. ती बाई "असू दे अम्मा, असू दे" म्हणत राहिली. मी स्टिअरिंग धरून बसून होतो.

सासूकडे तासभर बसलो. त्या मायलेकी बोलत होत्या, मला एक शब्द ऐकू येत नव्हता. परतताना बायको म्हणाली, "मुलाला सांगू नका."

"त्याच्या फोनवर येईलच की."

आलं नाही. संध्याकाळ झाली, फोन नाही. हात सुटल्याची खबर त्याला गेलीच नव्हती. त्याच्या हिशेबी माझा आजवरचा सगळ्यात चांगला शुक्रवार तो! दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी पिताना त्याचा फोन आला तो शाबासकी द्यायला. "अप्पा, काल एकदाही नाही! जमलं की तुम्हाला." बायको समोर उभी राहून मानेनं नको नको करत होती. तिचा शुक्रवार जाणार होता आणि तिला ते माझ्याइतकंच ठाऊक होतं. मला वडील आठवले. रागावलेले नाही, नुसते समोर पाहून गाडी हाकणारे. आठवणीत माझ्या वडिलांना चेहराच नाही हो, सगळी मागच्या सीटवरून पाहिलेली मान आहे.

मी सांगून टाकलं. सगळं. डोळे मिटले होते तेसुद्धा. "ती बाई वाचली, पण माझ्यामुळे नाही," म्हणालो, "आणि किल्ली तू येऊन घेऊन जा." तो म्हणाला, "अप्पा, तुम्हाला लागलं नाही ना?" आणि मी, सदुसष्ट वर्षांचा बाप्या, कॉफीचा पेला हातात धरून रडलो. बायको आत निघून गेली.

मुलानं ओळखीपाळखीतून दारासुरम्चा एक माणूस शोधला. सरकारी बसवर जन्म काढून निवृत्त झालेला. मोजून बोलणारा. फक्त शुक्रवार पाहिजे म्हटल्यावर म्हणाला, "येईन. देवळांच्या फेऱ्या मी करत नाही, डोकं दुखतं." गेल्या शुक्रवारी तो पहिल्यांदा आला, ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी. बायको डबा घेऊन मागे बसली, आणि पहिल्यांदाच मीही मागे, तिच्या शेजारी.

मला काय करावं कळेना. हातांचं काय करायचं? डोळ्यांचं काय करायचं? चालत्या गाडीत बायकोकडे मी कधी पाहिलेलंच नव्हतं. पाहायचं नाही, हाच तर नियम. आता वेळच वेळ होता. म्हणून पाहत बसलो. ती पुढे काचेतून रस्ता बघत होती, एकटक. एका वळणावर समोरून लॉरी आली आणि माझं लक्ष बायकोच्या पायांकडे गेलं. उजवा पाय तिनं खालच्या रबरी चटईवर गच्च दाबून धरला होता. लॉरी गेली, पाय सैल पडला. पुढे बस आली, पुन्हा दाबला.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

"कोठे काय?" तिनं खाली पाहिलं. तिलाच पत्ता नव्हता. मग ओशाळून हसली. "ब्रेक," म्हणाली.

"केव्हापासून?"

ती विचारात पडली. "लग्न होऊन पहिल्यांदा तुमच्या गाडीत बसलें ना," म्हणाली, "तेव्हापासून."